सेहेचाळीस मुले आणि एक मोबाइल

«आदरणीय ताई,

मी गेली एकोणीस वर्षे गणित शिकवते. सध्या माझ्याकडे इयत्ता सातवीचा वर्ग असून पटावर सेहेचाळीस मुले आहेत. गेल्या दोन महिन्यांत मी सहा-सात ऑनलाइन साधने वर्गात वापरून पाहिली. प्रश्नमंजुषेचे खेळ घेतले, मुलांनी चिठ्ठ्या चिकटवण्याचा डिजिटल फलक वापरला, ॲनिमेशनच्या चित्रफिती दाखवल्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सरावपत्रिकाही तयार करून घेतल्या. मुले खूश असतात, तास कधी संपला ते कळत नाही. पण घटक चाचणीत दशांश अपूर्णांकांवर पूर्वी जितके गुण पडत होते तितकेच पडले, आणि त्याच चुका झाल्या. नवीन साधन शिकायला रात्रीचे अकरा वाजतात. माझ्याहून पुष्कळ लहान असलेली सहकारी हे सारे सहज करते. मुख्याध्यापक दर महिन्याला ‘कोणती नवी साधने वापरली’ याची नोंद मागतात. शाळेत प्रोजेक्टर एकच, तोही आळीपाळीने मिळतो. मुलांकडे मोबाइल नाहीत, फक्त माझा आहे, आणि नेट मध्येच जाते. मी काळाच्या मागे पडले आहे का? माझ्या वर्गासाठी नेमके कोणते साधन निवडू?

— एक शिक्षिका»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘त्याच चुका झाल्या’ हे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण सहा-सात साधनांच्या यादीपेक्षा या तीन शब्दांत तुमच्या प्रश्नाचे उत्तर अधिक आहे. चुका त्याच आहेत हे ओळखायला वर्ग बारकाईने पाहावा लागतो, उत्तरपत्रिका नुसत्या तपासून चालत नाही, त्या वाचाव्या लागतात. ज्या शिक्षिकेला हे दिसते ती काळाच्या मागे पडलेली नाही, हे आधी स्पष्ट सांगते. तुम्ही साधनाचे नाव विचारले आहे आणि ते मी देणार आहे. परंतु त्याआधी एका उणिवेकडे लक्ष वेधते. तुमच्या यादीत प्रत्येक साधन काय करते हे आहे, पण त्या साधनाकडून तुम्हाला काय हवे होते हे एकाही ठिकाणी नाही. साधन आधी आले आणि त्याला शोभेल असा पाठ मागून शोधला गेला. उत्साहाने काम करणाऱ्या शिक्षकांकडून हे हमखास घडते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मात्र क्रम उलटा केल्याशिवाय सातव्या साधनानंतर आठवे आणून काही साधणार नाही.

तेव्हा दशांश अपूर्णांकांपासूनच सुरुवात करू. मुलांच्या ‘त्याच चुका’ म्हणजे नेमक्या कोणत्या? ०.४५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर जे मूल ०.४५ म्हणते, ते बहुधा दशांश चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचत असते. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे, एवढाच त्याचा हिशोब असतो. आपल्या भाषेत ही चूक बोलण्यातूनही घट्ट होते. ‘शून्य पूर्णांक पंचेचाळीस’ असे वाचणाऱ्या मुलाच्या कानावर पंचेचाळीस हीच संख्या पडते. ‘शून्य पूर्णांक चार पाच’ असे वाचले तर निदान अंक सुटे होतात, आणि ‘पंचेचाळीस शतांश’ असे वाचायला लावले तर त्याला स्थानाचा विचार करावाच लागतो. पण याच वर्गात याच्या अगदी उलट चूक करणारी मुलेही असतात. शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात हे त्यांनी पक्के ध्यानात ठेवलेले असते, म्हणून ज्या संख्येत दशांश चिन्हानंतर अंक जास्त, ती संख्या लहान, असा त्यांचा नियम झालेला असतो. ही मुले ०.४५ आणि ०.५ या प्रश्नाचे उत्तर बिनचूक देतात, त्यांना पूर्ण गुण मिळतात, आणि त्यांची चूक आपल्याला वर्षभर दिसत नाही.

तुमची अडलेली जागा ही आहे. सेहेचाळीस मुलांपैकी कोण कोणत्या कारणाने चुकते, आणि कोण चुकीच्या कारणाने बरोबर येते, हे चाचणीच्या आधी, शिकवत असतानाच, तुम्हाला दिसत नाही. ‘समजले का?’ असे विचारले की वर्गातून एका सुरात ‘हो’ येतो. हात वर करायला सांगितले की नेहमीचे सात-आठ हात वर होतात, आणि त्यांपैकी एकाचे उत्तर बरोबर आले की आपण पुढे सरकतो. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक आहे, कारण पातेल्यातील सारे दाणे एकाच आचेवर शिजतात. वर्गातील मुलांचे तसे नसते. त्यात आपण थांबतही नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे तिला आढळले. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात, ती कारणांसह येऊ लागतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, हेही तिने दाखवले. म्हणजे तुम्हाला असे साधन हवे की ज्यात प्रत्येक मुलाला उत्तर द्यावेच लागेल, त्यासाठी विचार करायला वेळ मिळेल, इतरांचे पाहून हात वर करता येणार नाही, आणि सगळी उत्तरे तुम्हाला एकाच वेळी दिसतील.

तुमच्या परिस्थितीत, म्हणजे मुलांकडे मोबाइल नसताना आणि फक्त तुमच्याकडे एक असताना, हे काम प्लिकर्स नावाचे साधन चांगले करते. त्यात प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक कार्ड मिळते. कार्डावर काळ्या चौकटींची एक आकृती असते, प्रत्येक मुलाची आकृती वेगळी, आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरे बारीक छापलेली असतात. मूल ज्या पर्यायावर ठाम असेल, ते अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड फिरवून समोर धरते. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवता आणि कोणी कोणता पर्याय निवडला हे तुमच्या पडद्यावर उमटत जाते. प्रत्येकाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे कार्ड पाहून त्याचे उत्तर ओळखणे अवघड जाते. कार्डे त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून छापता येतात. चाळीस कार्डांचा संच आणि त्रेसष्ट कार्डांचा संच असे प्रकार आहेत, आणि तुमचा पट सेहेचाळीस असल्यामुळे दुसरा संच घ्यावा. कार्डे जरा जाड कागदावर छापा, मागच्या बाजूला हजेरी क्रमांक लिहा, आणि चकचकीत प्लास्टिकमध्ये घालू नका, कारण त्यावर प्रकाश चमकला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. पहिल्या दिवशी निम्मी मुले बोटांनी आकृती झाकतील. कार्ड कडेला धरायचे, एवढे शिकवण्यात दहा मिनिटे जातील, ती जाऊ द्या.

आता महत्त्वाचे काम येते आणि ते मोबाइलवर नव्हे, कागदावर करायचे आहे. प्रश्न असा घडवायचा की प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक गैरसमज असेल. दशांशासाठी माझ्या मते दोन प्रश्न पुरेत. पहिला: सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय ०.४५, ०.५, ०.४०५ आणि चौथा पर्याय ‘मला खात्री नाही’. दशांश चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचणारे मूल ०.४०५ निवडेल, कारण चारशे पाच सर्वांत मोठे. तसेच वाचणारे पण दोनच स्थळांपर्यंत पाहण्याची सवय असलेले मूल ०.४५ निवडेल. ०.५ हे बरोबर उत्तर आहे, परंतु ते निवडणाऱ्या सर्वांना समजले आहे असे धरू नका. त्यासाठी लगेच दुसरा प्रश्न विचारा: सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय ०.३, ०.३५, ०.३०२ आणि पुन्हा ‘मला खात्री नाही’. जी मुले पहिल्या प्रश्नात बरोबर आली आणि इथे ०.३ वर गेली, त्यांच्या मनात ‘अंक जास्त म्हणजे संख्या लहान’ हा नियम ठाण मांडून बसला आहे. ही मुले तुमच्या चाचणीत आजवर लपून राहिली होती. ‘मला खात्री नाही’ हा पर्याय मुद्दाम ठेवा आणि तो निवडणाऱ्याला कधीही टोकू नका. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर तुमची दिशाभूल करते, प्रामाणिक ‘माहीत नाही’ मात्र वाट दाखवते.

उत्तरे दिसल्यानंतर काय करायचे, यावर सारे अवलंबून आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक पद्धत वापरली. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून मत द्यायचे, मग शेजाऱ्याशी बोलून त्याला आपले उत्तर पटवून द्यायचे, आणि त्यानंतर पुन्हा मत द्यायचे. साधारण तीस ते सत्तर टक्के विद्यार्थी पहिल्या वेळी बरोबर असतील, तेव्हा ही चर्चा सर्वाधिक फळते. तुमच्या वर्गात हे प्रमाण चौदा ते बत्तीस मुले असे होईल. त्याहून कमी मुले बरोबर आली तर चर्चेत वेळ घालवू नका, कारण चुकीचे उत्तरच आत्मविश्वासाने पसरेल. तिथे तुम्ही पुन्हा शिकवायला हवे. त्याहून जास्त आली तर दोन वाक्यांत कारण सांगा आणि पुढे चला. पहिल्या मतदानानंतर बरोबर उत्तर जाहीर करू नका, आणि कोणाकडे किती मते गेली याचा आलेखही मुलांना दाखवू नका, एवढे मात्र कटाक्षाने पाळा. आलेखातील सर्वांत उंच खांब पाहिला की मुले विचार सोडून त्या खांबाकडे वळतात.

या पद्धतीविषयी एक गोष्ट तुम्हाला धीर देईल असे वाटते. मॅझूर यांनी सुरुवातीला हात वर करून आणि कागदी पट्ट्या दाखवून मते घेतली, उत्तर नोंदवणारी उपकरणे नंतर आली. नॅथॅनियल लॅस्री या प्राध्यापकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला अशी उपकरणे आणि दुसऱ्या गटाला नुसती कागदी कार्डे देऊन हीच पद्धत वापरली, आणि विद्यार्थ्यांच्या संकल्पना किती पक्क्या झाल्या यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ उपकरण निरुपयोगी असा मी लावत नाही. उपकरणामुळे नोंद राहते, गेल्या आठवड्यात कोण चुकले होते हे आज कळते, आणि सेहेचाळीस कार्डे डोळ्यांनी मोजण्याचा त्रास वाचतो. परंतु ज्या दिवशी नेट जाईल, त्या दिवशी तुमचा तास थांबण्याचे कारण नाही. प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर चार मोठी अक्षरे लिहून ठेवा. ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सर्वांनी एकाच वेळी त्या अक्षरावर बोट ठेवून वही छातीशी धरायची. मुलांचे शिकणे त्या दिवशीही तेवढेच होईल.

प्रश्नमंजुषेच्या खेळांविषयी मला स्वतःचा एक अनुभव सांगावासा वाटतो. असे एक साधन मी माझ्या वर्गात मोठ्या हौसेने आणले होते. प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद, लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर पहिल्या पाचांची नावे. वर्ग डोक्यावर घेतला जात होता आणि मी समाधानात होते. तिसऱ्या की चौथ्या खेळाच्या वेळी माझे लक्ष दुसऱ्या बाकावरील एका मुलीकडे गेले. ती प्रत्येक प्रश्न आधी पाटीवर मांडत होती, रेघ मारून उत्तर लिहीत होती, आणि मान वर करेपर्यंत वेळ संपलेली असायची. पाटीवरचे तिचे प्रत्येक उत्तर बरोबर होते आणि पडद्यावर ती शेवटून दुसरी होती. पुढच्या खेळापासून तिने पाटी बाजूला ठेवली आणि प्रश्न वाचायच्या आत कोणतेही एक बटण दाबायला सुरुवात केली. मी त्या मुलीला सावकाश विचार करण्याची सवय दोन वर्षे खपून लावली होती आणि चार खेळांत ती मोडली. आजही मला त्याची खंत वाटते. म्हणून हे खेळ वापरायचेच असतील, तर वेळेची मर्यादा शक्य तितकी वाढवा, वेगाचे गुण बंद करण्याची सोय असेल तर ते बंद करा, आणि क्रमवारी दाखवू नका. एवढे केल्यावर खेळाची रंगत थोडी ओसरेल हे खरे, पण ज्या मुलांसाठी तुम्ही हा खटाटोप मांडला आहे ती मुले टिकून राहतील.

मुलांना मजा आली तरी गुण का वाढले नाहीत, याचे आणखी एक कारण वेळेच्या हिशोबात आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवत होते आणि दुसऱ्या गटाला ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. ॲनिमेशनची चित्रफीत पाहून झाल्यावर मुलांना जे ‘समजले’ असे वाटते, ते बरेचसे त्या पाच मिनिटांतील समजणे असते. म्हणून चित्रफीत दाखवली तर ती संपल्याबरोबर वही मिटून तीन ओळी लिहायला लावा, आणि दशांशाचे वरील दोन प्रश्न संख्या बदलून दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने, दुसरा कोणताही पाठ चालू असला तरी पुन्हा विचारा. साधन कोणतेही असो, ही परतफेरी चुकवू नका.

साधन निवडताना मी स्वतःला नेहमी एकच प्रश्न विचारते: हे खडू-फळ्याने होत नाही असे काय करते? त्या कसोटीवर जिओजेब्रा हे गणिताचे संगणकीय साधन उतरते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हे साधन शाळांना विनामूल्य वापरता येते. प्रोजेक्टर तुमच्या वाट्याला येईल त्या दिवशी त्यात संख्यारेषेवर ०.४०५, ०.४५ आणि ०.५ हे तीन बिंदू मांडा आणि मुलांसमोर रेषा मोठी करत जा. ०.४ आणि ०.५ यांच्यामधील बोटभर जागा पडदाभर पसरते, तिच्यात दहा नवे भाग उघडतात, त्यांतील पहिल्या भागात शिरले की पुन्हा दहा भाग उघडतात, आणि त्यांच्या मधोमध ०.४०५ बसलेला दिसतो. फळ्यावर ही रेषा आपण कितीही नीट काढली तरी तिच्या आत असे शिरता येत नाही. विज्ञानासाठी असेच काम फेट या संचातील आभासी प्रयोग करतात. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात तो सुरू केला, आणि त्यातील अनेक प्रयोग आधी उतरवून ठेवले की नेटशिवायही चालतात. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना अवश्य सांगा. चिठ्ठ्यांचा डिजिटल फलक मात्र तुमच्या वर्गात मुलांकडे उपकरणे येईपर्यंत बाजूला ठेवावा, असे मला वाटते. एका मोबाइलवर सेहेचाळीस चिठ्ठ्या टाइप करण्यात तास निघून जातो.

साधनावर भिस्त किती ठेवायची, याचाही विचार हवा. एडमोडो हे जगभरातील शिक्षक वापरत असलेले व्यासपीठ २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फलक ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. ॲडोबी कंपनीने फ्लॅश या ॲनिमेशन चालवणाऱ्या तंत्राचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला, तेव्हा त्यावर बेतलेले असंख्य शैक्षणिक खेळ आणि प्रयोग उघडेनासे झाले. म्हणून तुम्ही घडवलेला प्रत्येक प्रश्न, त्याचे पर्याय आणि प्रत्येक पर्यायामागचा गैरसमज एका साध्या वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांनी आजचे साधन असेल किंवा नसेल, प्रश्नांची ती वही मात्र तुमचीच राहील आणि कोणत्याही नव्या साधनात तासाभरात उतरवता येईल.

मुलांच्या माहितीविषयी थोडे सांगते, कारण उत्साहाच्या भरात याकडे हमखास दुर्लक्ष होते. साधनात मुलांची पूर्ण नावे, छायाचित्रे किंवा जन्मतारखा भरू नका. हजेरी क्रमांक पुरेसा आहे आणि कोणता क्रमांक कोणाचा हे तुमच्या वहीत असतेच. मुलांना स्वतःचे खाते उघडावे लागेल असे साधन शक्यतो टाळा. लहान मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवणारे कायदे निरनिराळ्या देशांत आहेत आणि त्यांतील वयाची अट सारखी नाही: अमेरिकेत ती तेरा वर्षांखालील मुलांना लागू होते, युरोपीय संघात सोळा वर्षांखालील मुलांना, आणि तिथल्या सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणता येते. सातवीची मुले बहुतेक ठिकाणी या मर्यादेच्या आतच येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात वर्गातील वापरासाठी किमान तेरा वर्षे वयाची मर्यादा सुचवली आहे. तेव्हा ही साधने मुलांच्या हाती न देता तुम्ही स्वतः वापरा. चुकीचे पर्याय सुचवून घेण्यासाठी ती उपयोगी पडतात, परंतु तिथे आलेला प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नका, कारण सफाईदार भाषेत चुकीचे उत्तर देणे त्यांना सहज जमते. आणि मुलांच्या उत्तरपत्रिकांची छायाचित्रे त्यांत कधीही टाकू नका.

राहिला मुख्याध्यापकांच्या नोंदीचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनी मागितले आहे त्याहून अधिक द्या. ‘या महिन्यात एकच साधन वापरले’ असे लिहून त्याखाली लिहा: पहिल्या मतदानात बरोबर किती, चर्चेनंतर किती, दोन आठवड्यांनी किती. साधनांच्या नावांची यादी मागणाऱ्या बहुतेक वरिष्ठांना खरे तर प्रगती दिसायला हवी असते, आणि ती मागण्याचा दुसरा मार्ग त्यांना सापडलेला नसतो. तुमच्या तीन आकड्यांनी तो मार्ग त्यांना मिळेल. तरीही नवी नावेच हवी असा आग्रह राहिला, तर एका सत्रात एक साधन या गतीने तुम्ही पुढे जाल असे नम्रपणे, पण लेखी कळवा.

तुमच्या तरुण सहकारी शिक्षिकेविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, परंतु त्यात बरेच साचलेले जाणवले. तिच्याकडे जा. मदत मागायला गेल्याने तुमचा मान कमी होणार नाही, आणि तुम्ही रिकाम्या हाताने जाणार नाही आहात. कार्डे छापणे, वर्गाची यादी भरणे, प्रश्न चढवणे हे ती तुम्हाला एका मधल्या सुट्टीत दाखवेल; त्याच्या बदल्यात ०.५ हे बरोबर उत्तर कोणत्या चुकीच्या कारणाने येऊ शकते, हे तुम्ही तिला दाखवा. एकोणीस वर्षे वह्या तपासल्याशिवाय ते दिसत नाही, आणि कोणतेही साधन ते आपणहून सांगत नाही. तुम्ही रात्री अकरापर्यंत एकट्याने जागता, ते जागरण अशा दोन मधल्या सुट्ट्यांत संपेल.

या आठवड्यात फक्त कार्डे छापून घ्या आणि मागे हजेरी क्रमांक लिहा. पुढच्या आठवड्यात एका तासाची पहिली पंधरा मिनिटे ठेवून पहिला प्रश्न विचारा, मनातल्या मनात हळूहळू तीसपर्यंत मोजा, आणि मगच मोबाइल हातात घ्या. दुसऱ्या प्रश्नात ०.३ निवडणारी मुले कोण आहेत ती नावे वहीत लिहा. त्या मुलांना फळ्याजवळ बोलावून ‘तुझे उत्तर कसे आले ते मला सांग’ असे एकेकाला विचारा आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये काही बोलू नका. ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.